तिसरीतल्या मुलाला घरी इंग्रजी व्याकरण आणि लेखन कसं शिकवावं?

कृष्णाकाठची आई

नमस्कार. मुलगा यंदा तिसरीत गेला. जिल्हा परिषदेची शाळा, सेमी-इंग्रजी. म्हणजे गणित इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून. आम्ही वाळवा तालुक्यात राहतो. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, मुलाचे बाबा शेती बघतात. दोघंही मराठी माध्यमात शिकलो. इंग्रजी पत्र वाचून समजतं, बँकेचे फॉर्म घरात मीच भरते, पण पोराला व्याकरण समजावून सांगायची वेळ आली की कुठून धरावं ते कळत नाही.

पोरगा बोलका आहे. मराठीत पानभर लिहितो. बेंदराचं वर्णन लिहिलं होतं ते त्याच्या बाईंनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. इंग्रजीत मात्र चार ओळींच्या पुढे जात नाही. त्याच्या वहीतली वाक्यं जशीच्या तशी देते:

'माय फादर आर फार्मर.'
'मी हॅव टू काऊ.'
'चेअर ब्रोकन. शी इज रेड.'
'आय डिड नॉट वेन्ट स्कूल.'

वाक्याचं पहिलं अक्षर कधी मोठं, कधी लहान. 'बी' आणि 'डी' उलटसुलट. चाररेघी वहीतसुद्धा अक्षरं ओळीच्या वर तरंगत असतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका शिकवणीला घातलं होतं. तिथे बारा काळांचा तक्ता पाठ करून घेतला. तो तक्ता पोरगा आजही घडाघडा म्हणतो, पण 'काल काय जेवलास ते इंग्रजीत लिही' म्हटलं की पेन्सिल चावत बसतो. ती शिकवणी आता बंद केली. रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास मी त्याच्याजवळ निवांत बसू शकते. त्या अर्ध्या तासात काय करावं? घरात इंग्रजीच बोला असं एक-दोघांनी सांगितलं, ते खरंच करावं का? आणि लिहिलेल्यातल्या सगळ्या चुका लगेच दुरुस्त करायच्या की सोडून द्यायच्या? अनुभवी लोकांनी सांगावं, मनापासून विचारतेय.

गोदाकाठ

व्याकरणाचं जाणकार सांगतील, मी वाचनाचं सांगते. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' म्हणून संकेतस्थळ आहे, २०१५ पासून सुरू आहे. लहान मुलांच्या चित्रांच्या गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. गोष्टींच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत. पहिल्या पायरीला पानावर एखादं-दुसरं वाक्य असतं. सगळ्यात उपयोगाचं म्हणजे बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे सापडतात.

माझी मुलगी दुसरीत आहे. आधी मराठी गोष्ट वाचतो, त्यावर गप्पा होतात, मग दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून. गोष्ट माहीत असल्यामुळे अडलेल्या शब्दाचा अर्थ ती चित्रावरून स्वतःच लावते. मी मध्ये मध्ये थांबवून 'याचा अर्थ काय' असं विचारत नाही. मुलाची तिसरी असली तरी सुरुवात पहिल्या पायरीपासूनच करा. सोपं वाचताना पोरं पुढे पळतात. मोबाईल हातात द्यायचा नसेल तर गोष्ट झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा आणि दाभणाने शिवून टाका, पुस्तक तयार.

पाटीपेन्सिल

ताई, मी जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पहिली ते चौथीला शिकवलं, आता निवृत्त आहे. २००० साली महाराष्ट्रात सगळ्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मी वर्गावर होते. तुमच्या मुलाची चारही वाक्यं मी ओळखते. हीच वाक्यं दरवर्षी नव्या पोरांच्या वह्यांत असायची.

आधी त्या वाक्यांकडे नीट बघू या. 'माय फादर आर' का लिहिलं? घरात तो बाबांबद्दल बोलताना 'ते आले', 'ते जेवतायत' असंच बोलतो. मोठ्या माणसाला आपण आदराने अनेकवचन लावतो, त्याने इंग्रजीत तेच केलं. खुर्ची मराठीत 'ती', म्हणून 'शी'. 'मला दोन गाई आहेत' हे मनात होतं, म्हणून 'मला' या अर्थाचा 'मी' हा इंग्रजी शब्द त्याने पुढे ठेवला. आणि 'मी गेलो नाही' या वाक्यात 'गेलो' भूतकाळातच राहतो ना? म्हणून 'डिड नॉट'च्या पुढे त्याने 'वेन्ट' ठेवलं. पोरगा नियमाने चाललाय, फक्त नियम मराठीचे आहेत. ज्याची मराठी पक्की तोच अशी वाक्यं लिहितो. म्हणून माझं पहिलं सांगणं: मराठी बाजूला सारू नका. तुमच्याकडे जे भांडवल आहे ते हेच आहे, आणि ते भरपूर आहे.

घरात इंग्रजीच बोला हा सल्ला मला पटत नाही. ज्या भाषेत आईला राग, लाड, गंमत सगळं करता येतं त्या भाषेत आईने पोराशी बोलावं. त्याने मराठीत लांब, गुंतागुंतीची वाक्यं ऐकली तर पुढे इंग्रजीतही लांब वाक्य बांधायची त्याला हिंमत होईल. अर्ध्या तासापुरते इंग्रजी प्रश्न-उत्तरं जरूर करा, पण दिवसभर तोडकंमोडकं इंग्रजी कानावर घालून मिळत काही नाही, आणि गप्पा मात्र बंद पडतात.

आता व्याकरण मराठीतूनच दाखवायचं म्हणजे काय ते सांगते. मोठी माणसंसुद्धा 'अ' आणि 'द' मध्ये अडकतात, कारण मराठीत तसे शब्द वेगळे काढून ठेवलेले नाहीत. पण गोष्ट कशी सुरू होते? 'एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा राजा आला तेव्हा 'एक', दुसऱ्यांदा आला तेव्हा 'त्या'. ऐकणाऱ्याला राजा नवा होता, मग ओळखीचा झाला. इंग्रजीतही तसंच, आधी 'अ किंग', मग 'द किंग'. मी वर्गात पोरांना गोष्ट सांगायला लावायचे, आणि नवं कोणी गोष्टीत आलं की सगळ्यांनी 'अ' म्हणायचं, तेच परत आलं की 'द'. अ क्रो, अ पॉट. मग द क्रो, द पॉट. तिसरीचं पोरही हे गोष्टीतून धरतं. नेमक्या जागी बिनचूक यायला मात्र वर्षं लागतात, त्याची घाई करू नका.

क्रियापदाचं तर आपल्या पोरांना कौतुकच वाटायला पाहिजे. मी जातो, तू जातोस, ती जाते, ते जातात, एवढी रूपं हा मुलगा न चुकता बोलतो. 'आंबा खाल्ला' आणि 'पोळी खाल्ली' हा फरकही करतो. त्या मानाने इंग्रजी फार सोपी. 'गो' सगळ्यांना चालतो, फक्त ही, शी, इट आले की 'गोज'. भूतकाळात 'वेन्ट' तर कुणालाही चालतो. हे त्याला असंच सांगा, म्हणजे भीती जाईल. एक जागा अवघड आहे. मुलगे अनेक झाले की नावाला 'एस' लागतो, आणि मुलगा एकटा असला की क्रियापदाला. 'द बॉय रन्स', 'द बॉइज रन'. पोरं दोन्हीकडे लावतात किंवा दोन्हीकडे विसरतात. मी फळ्यावर कागदाचा एकच 'एस' कापून ठेवायचे. तो एकतर बॉयला चिकटवायचा नाहीतर रनला, दोघांना पुरायचा नाही. घरी वहीच्या पुठ्ठ्याचा करा.

'टेबलावर', 'डब्यात', 'माळ्याखाली' यांतला वर, त, खाली आपण मागे लावतो. इंग्रजीत तो पुढे येतो. हे पाठ करून घेऊ नका. खोडरबर लपवा आणि त्याला इंग्रजीत विचारू द्या: ऑन द शेल्फ? अंडर द बेड? इन द बॉक्स? तुम्ही फक्त येस, नो म्हणायचं. मग त्याने लपवायचं आणि तुम्ही विचारायचं. पोरं यात रमतात, आणि 'बॉक्स इन' असं म्हणणं आपोआप सुटतं.

लेखनाला मी खूप महत्त्व देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'माय मदर', 'माय स्कूल', 'द काऊ' हे पाठ केलेले दहा ओळींचे निबंध लिहायला लावू नका. त्यात पोराचं स्वतःचं काही नसतं, आणि एक ओळ विसरली की पुढचं सगळं जातं. रोज त्याच्या दिवसातलं खरं घडलेलं एक वाक्य घ्या. आधी मराठीत सांगू द्या, मग इंग्रजीत तोंडी, मग वहीत.

आमच्या भागात उसात बिबटे असतात हे तुम्ही ऐकलं असेल. एका सकाळी तिसरीतल्या एका पोराने वहीत लिहून आणलं: 'लेपर्ड कम. डॉग गो. आय अंडर ब्लँकेट.' तीनच वाक्यं, पण रात्र पुरी डोळ्यासमोर उभी राहिली. मी त्यावर एकही लाल रेघ ओढली नाही. विचारलं, कुठून आला? म्हणाला, उसातून. कधी? रात्री. मग आम्ही दोघांनी मिळून पहिलं वाक्य वाढवलं: 'अ लेपर्ड केम फ्रॉम द शुगरकेन ॲट नाइट.' एवढ्यात 'अ' आला, भूतकाळ आला, 'फ्रॉम' आणि 'ॲट' आले. दुसऱ्या दिवशी कुत्र्याचं वाक्य: 'अवर डॉग रॅन इनटू द हाउस.' तिसऱ्या दिवशी गोधडीचं: 'आय वॉज अंडर द ब्लँकेट.' त्याच तीन वाक्यांवर आम्ही सगळा आठवडा काम केलं. बारा काळांचा तक्ता त्याला येत नव्हता, पण 'केम', 'रॅन', 'वॉज' त्याला पुढे कधी विचारावे लागले नाहीत, कारण ते त्याच्या बिबट्याचे शब्द होते. तुमच्याकडे बेंदूर आहे. बैल रंगवले, शिंगांना बेगड लावली, पुरणपोळी खाल्ली. हा मजकूर त्याने मराठीत लिहिलाच आहे, आता त्यातली चार वाक्यं इंग्रजीत आणा.

चुकांबद्दल. आठवड्याला एकच गोष्ट धरा. या आठवड्यात वाक्याचं पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी पूर्णविराम, बस. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं, म्हणून हे त्याला सुचत नाही, सांगावंच लागतं. पुढच्या आठवड्यात 'इज' आणि 'आर'. मग 'आय हॅव', 'ही हॅज'. मला भूक लागली, मला ताप आला, मला आंबा आवडतो. मराठीतल्या या 'मला'च्या जागी इंग्रजीत 'आय' येतो, हे तोंडी खूप करून घ्या. बाकीच्या चुका दिसल्या तरी त्या आठवड्यात गप्प बसा. वाक्य अगदीच वेडंवाकडं असेल तर त्याच्या ओळीखाली तुमच्या अक्षरात नीट वाक्य लिहा आणि त्याला दोन्ही वाचू द्या. फरक त्याने शोधायचा.

अक्षरं तरंगतात त्याचंही कारण सांगते. आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मराठी लिहिणारा हात वरची रेघ शोधतो. चाररेघी वहीत खालून दुसरी रेघ रंगीत खडूने गिरवून द्या आणि 'यावर बसवायचं' एवढंच सांगा. जी, जे, पी, क्यू, वाय यांची शेपूट तेवढी खाली जाते. 'बी' आणि 'डी'चा घोळ या वयात पुष्कळ पोरांचा असतो. दोन्ही एकाच दिवशी शिकवू नका. आधी आठ-दहा दिवस नुसता 'बी', हवेत, पाटीवर, राखेत बोटाने. तो पक्का झाला की मग 'डी'.

ठाण्याचा बाबा

पाटीपेन्सिल बाई, आमच्याकडे उलटं आहे. लेक इंग्रजी माध्यमात चौथीला आहे. बोलते फाडफाड, पण लिहायला बसली की पानभर एकच वाक्य. 'ॲन्ड देन, ॲन्ड देन' करत जाते, पूर्णविराम कुठेच नाही. आणि स्कॉलरशिपच्या तयारीसाठी व्याकरणाचं जाड पुस्तक आणावं का?

पाटीपेन्सिल

दादा, लिहिलेलं तिला मोठ्याने वाचायला लावा, आणि सांगा की 'ॲन्ड देन' आलं की थांबून श्वास घ्यायचा. जिथे श्वास घेतला तिथे पेन्सिलीने टिंब. मग ती स्वतःच बघेल की टिंबापुढचं 'ॲन्ड देन' खोडलं तरी अर्थ जात नाही. त्यानंतर 'बिकॉज', 'व्हेन', 'बट' हे तीन शब्द द्या आणि दोन तुटक वाक्यं त्यातल्या एकाने जोडायला सांगा. चौथीला एवढं येणं म्हणजे पुष्कळ झालं.

स्कॉलरशिपचं म्हणाल तर मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी दुसऱ्या पेपरात असतं, २५ प्रश्न, ५० गुण, सगळे पर्यायांचे. तुमची लेक इंग्रजी माध्यमाची, तिच्यासाठी भाषांचा क्रम वेगळा, पण प्रश्न पर्यायांचेच. त्याचा सराव परीक्षेआधी काही महिने जरूर करा. पण पर्यायाला गोल करणं आणि स्वतः वाक्य उभं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याने दुसरं येत नाही. दुसरं आलं तर पहिलं फार जड जात नाही, हे मी अनेक मुलांत पाहिलंय. जाड पुस्तकाआधी बालभारतीचं इयत्तेचं पुस्तक पुरतं वापरा. ई-बालभारतीवर ते फुकट मिळतं.

कृष्णाकाठची आई

बाई, किती मनापासून लिहिलंत. काल संध्याकाळी खोडरबराचा खेळ केला. आजीसुद्धा खेळायला बसल्या, आणि 'अंडर द बेड' त्यांनी आधी ओळखलं! बेंदराचं पहिलं वाक्यही झालं: 'वी पेन्टेड द हॉर्न्स रेड.' शिंग म्हणजे 'हॉर्न' हे सांगितल्यावर गाडीचा आणि बैलाचा एकच का, म्हणून बराच वेळ चर्चा चालली.

एकच शंका राहिली. स्पेलिंगचं काय करू? तो प्रत्येक शब्दाला 'सांग ना आई' म्हणतो आणि तिथेच थांबतो. शिकवणीत शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून द्यायचे, ते करू का?

पाटीपेन्सिल

आजींना नमस्कार सांगा. त्यांना रोज खेळायला घ्या.

शब्दाखाली देवनागरी लिहू नका. पोरगं तेवढंच वाचतं, वरच्या इंग्रजी अक्षरांकडे बघतही नाही. देवनागरी वापरायची ती आवाज ओळखायला. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांची नावं बाजूला ठेवा आणि आवाज घ्या: स्, ॲ, ट्, प्, इ, न्. एवढ्यातून सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, पॅन, सिप असे कितीतरी शब्द तो स्वतः जुळवेल. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे अक्षरं लिहून, चौकोन कापून द्या, जमिनीवर मांडून शब्द करू दे. मग हळूहळू एम, डी, जी, ओ, के वाढवा. कट, कॅट, कॉट हे तीन वेगळे आवाज आपल्या देवनागरीत किती स्पष्ट दिसतात, ते आधी कानाने ओळखू दे, मग कुठे 'यू', कुठे 'ए', कुठे 'ओ' ते दाखवा. त्यानंतर शेवटच्या मुक्या 'ई'ची गंमत: कॅपचा केप होतो, पिनचं पाइन, हॉपचं होप.

काही शब्द आवाजाने लागतच नाहीत. सेड, वॉज, दे, व्हॉट, वन, टू. हे वारंवार लागतात, म्हणून चार-पाचच एका वेळी घेऊन कपाटाच्या दारावर चिकटवा, लिहिताना बघून लिहू दे. बघून लिहायला पूर्ण परवानगी असावी.

आणि लिहिताना 'सांग ना' म्हणाला तर म्हणा, तुला ऐकू येतं तसं लिही, खाली रेघ मार आणि पुढे जा. 'पेन्टेड'चं त्याने काहीही केलं तरी वाक्य पूर्ण होऊ द्या. रेघ मारलेले शब्द नंतर दोघांनी मिळून बघायचे, आणि त्यातले दोनच दुसऱ्या दिवशीसाठी घ्यायचे. बेंदराचं दुसरं वाक्य झालं की इथे लिहा.